वरून पाएल्या, बाजूने तोर्तिया

पाएल्या या स्पॅनिश भाताचं भांडं पसरट, उथळ. भाताचा थर जेमतेम बोटभर. बाजूने टिपला तर नुसता काठच दिसतो, म्हणून कॅमेरा थेट वर. उजेड मात्र खिडकीचा, तिरका. समोरून फ्लॅश मारला की केशरी भाताचा दाणा न् दाणा सपाट होतो.

बटाट्याच्या तोर्तियाचं, म्हणजे जाड स्पॅनिश ऑम्लेटचं, उलट. फोड कापून ती बाजूनेच टिपावी, म्हणजे आतले थर आणि ओलसर अंडं दिसतं.

फोटोइतकंच त्याखालचं नावही जपावं. स्पेनमधल्या वालेन्सियाच्या प्रादेशिक सरकारने २०२१ मध्ये पाएल्याला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. तिथल्या पारंपरिक पाएल्यात कोंबडी, ससा, घेवडा असतो, कोळंबी नाही. वालेन्सियाच्या पाएल्याच्या नावाखाली कोळंबीचा फोटो छापणं ही सरळ दिशाभूल आहे. कोळंबी दाखवायचीच, तर मेन्यूत ‘पाएल्या दे मारिस्को’, म्हणजे कोळंबी-शिंपल्यांचा पाएल्या, असं लिहावं.