आत्महत्येचे आकडे हाती, कारणे मात्र अंधारात

रायपूर : आत्महत्येचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या राज्यांमध्ये छत्तीसगडची गणना होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) अहवालानुसार २०२२ मध्ये राज्यात दर लाख लोकसंख्येमागे २८.२ आत्महत्यांची नोंद झाली. देशाची सरासरी १२.४ होती. हे प्रमाण सरासरीच्या दुपटीहून अधिक का आहे, याचे उत्तर मात्र या अहवालात मिळत नाही. मानसिक आरोग्याच्या संशोधनात सरकारी यंत्रणांची भूमिका समजून घेण्यासाठी हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

एनसीआरबीची आकडेवारी पोलीस ठाण्यांतील नोंदींवर आधारलेली असते. आत्महत्येचे कारण तपास अधिकारी नोंदवितो. २०२२ मध्ये ३१.७ टक्के प्रकरणांत ‘कौटुंबिक समस्या’, तर १८.४ टक्के प्रकरणांत ‘आजार’ हे कारण दाखविण्यात आले. त्या कौटुंबिक कलहामागे उपचाराविना राहिलेले नैराश्य किंवा मद्याचे व्यसन होते काय, हे अशा एका शब्दाच्या नोंदीतून कळत नाही.

नोंदीच अपुऱ्या असू शकतात, हे दुसऱ्या एका सरकारी यंत्रणेच्या मदतीने झालेल्या अभ्यासातून दिसून आले. भारताच्या महानिबंधक कार्यालयाच्या नमुना नोंदणी व्यवस्थेतील कर्मचाऱ्यांनी मृतांच्या घरी जाऊन नातेवाइकांकडून माहिती घेतली आणि डॉक्टरांनी तिच्या आधारे मृत्यूचे कारण निश्चित केले. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने २०१० मधील आत्महत्यांची संख्या सुमारे १ लाख ८७ हजार असल्याचा अंदाज वर्तविला. पोलिसांकडील नोंद सुमारे १ लाख ३५ हजारांची होती. सामाजिक कलंक आणि कायद्याची भीती यांमुळे अनेक कुटुंबे खरे कारण सांगण्यास कचरतात.

जिवंत माणसांच्या मानसिक आरोग्याची पाहणी हा तिसरा मार्ग. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या निधीतून बंगळुरू येथील निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. छत्तीसगडसह १२ राज्यांत ३९ हजारांहून अधिक व्यक्तींच्या मुलाखती घेण्यात आल्या. १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. विविध विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचारच पोहोचले नव्हते.

त्या १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. २०२२ मध्ये आत्महत्यांची सर्वाधिक संख्या, २२,७४६, महाराष्ट्रातच नोंदविली गेली, हे येथे नमूद करावे लागेल.

अशा पाहण्या खासगी संस्थांना सहसा झेपत नाहीत. गावोगावी प्रशिक्षित मुलाखतकार पाठविणे, प्रश्नावली स्थानिक बोलीत आणणे आणि वर्षानुवर्षे तीच पद्धत कायम ठेवणे यासाठी स्थिर निधी व प्रशासनाचे सहकार्य लागते. बस्तरमधील गोंडी किंवा हलबी भाषकाला ‘उदासी’विषयी हिंदीतून विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ वेगळा लागू शकतो. २०१२ पासून कार्यरत असलेले रायपूरचे एम्स आणि राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये यांसारख्या स्थानिक संस्थांचे महत्त्व येथेच आहे.

सरकारी हातात असलेल्या संशोधनावर कायद्याचे बंधनही आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाला संशोधनात सहभागी करून घेण्यापूर्वी त्याची माहितीपूर्ण संमती घेणे बंधनकारक आहे. याच कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाने २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू १० टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. पोलीस, महानिबंधक कार्यालय आणि आरोग्य विभाग यांची माहिती जिल्हा पातळीवर एकत्र आली, तरच कोणत्या तालुक्यात मानसोपचारतज्ज्ञ हवा, कोठे व्यसनमुक्ती केंद्र आणि कोठे औषधे, हे ठरविता येईल.

(मानसिक तणावाच्या प्रसंगी केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो.)