राखीव औषधही निष्प्रभ करणारे विकर

माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कार्बापेनेम या गंभीर संसर्गासाठी राखून ठेवलेल्या प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या २४ जीवाणू-नमुन्यांपैकी २२ नमुन्यांत एनडीएम-१ हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, आढळले. हे विकर जस्ताच्या अणूंच्या साहाय्याने औषधाच्या रेणूतील बीटा-लॅक्टम हे चौकोनी कडे फोडते आणि मग जीवाणूच्या पेशीभित्तिकेची बांधणी रोखण्याची औषधाची शक्तीच संपते. अधिक चिंताजनक बाब अशी की, त्याचे जनुक बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरील डीएनएच्या सुट्या वलयावर असल्याने ते क्लेब्सिएला या जीवाणूकडून ई. कोलाय या दुसऱ्या जीवाणूकडेही जाऊ शकते. म्हणूनच अंधेरी-मुलुंडच्या अतिदक्षता विभागांतही, जिथे कॅथेटर आणि श्वसननलिकांवर असे जीवाणू चिकटून राहू शकतात, तिथे प्रत्येक रुग्णानंतर हात निर्जंतुक करणे नव्या औषधाइतकेच मोलाचे ठरते.