रुग्णालयांची खरेदी आणि ई-कॉमर्स

रुग्णालयास लागणाऱ्या जिनसांची यादी कापसाच्या बोळ्यापासून कृत्रिम सांध्यापर्यंत पसरलेली असते. त्यांतील एखादी वेळेवर न मिळाल्यास शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. म्हणून रुग्णालये पूर्वापार गरजेहून अधिक साठा बाळगीत. त्यात पैसा अडकून पडे आणि मुदत उलटलेला माल फेकून द्यावा लागे. मागणी, पोच व बीजक हे सारे व्यवहार संगणकामार्फत करणे हा त्यावरील उपाय होय. तथापि हा उपाय रुग्णालयांच्या अंगवळणी पडण्यास दीर्घ काळ लागला.

या संदर्भात अमेरिकन हॉस्पिटल सप्लाय कॉर्पोरेशन या पुरवठादार संस्थेचे उदाहरण उद्बोधक आहे. १९७६ मध्ये तिने ‘अ‍ॅसॅप’ ही पद्धती सुरू केली. तीमुळे रुग्णालयाची मागणी दूरध्वनीच्या तारेवरून थेट विक्रेत्याच्या संगणकात जाऊ लागली. कारकुनाचे श्रम वाचले, साठाही कमी ठेवता येऊ लागला. परंतु त्या यंत्राला एकाच विक्रेत्याची सूची ठाऊक होती! दुसऱ्याकडून माल घ्यावयाचा तर निराळे यंत्र व निराळे क्रमांक आले. सोय हीच बेडी ठरण्याचा हा प्रकार होता. १९८५ मध्ये ही संस्था बॅक्स्टर ट्रॅव्हेनॉलने विकत घेतली आणि त्या दशकाच्या अखेरीस ही वाट इतर विक्रेत्यांनाही खुली करण्यात आली.

पुढे इंटरनेट आले. २००० मध्ये जॉन्सन अँड जॉन्सन, जीई, बॅक्स्टर, अ‍ॅबट व मेडट्रॉनिक या पाच उत्पादकांनी मिळून ‘ग्लोबल हेल्थकेअर एक्स्चेंज’ ही सामायिक पेठ स्थापिली. पेठेचे मालक विक्रेतेच असावेत, हे खरेदीदारास रुचणे कठीण. पुढे वितरकांना व रुग्णालयांच्या खरेदी-संघांनाही मालकीत वाटा मिळाला, हे योग्यच झाले.

मालकीचा प्रश्न असा सुटला, तरी नावांचा प्रश्न उरला. एकाच हातमोज्याला उत्पादकाचा एक क्रमांक, वितरकाचा दुसरा आणि रुग्णालयाच्या भांडाराचा तिसरा. भांडारपाल ‘दहा’ लिहितो तेव्हा ते दहा नग, दहा डबे की दहा खोकी, हे माणूस दूरध्वनीवर विचारून घेई. यंत्र विचारीत नाही. मानवी चुकीहून यंत्राची ही आज्ञाधारकता अधिक महाग पडते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये वैद्यकीय उपकरणांवर एकमेव ओळख-क्रमांक छापण्याचा नियम केला, तो मुख्यतः रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी. परंतु खरेदी-विभागालाही त्याने एक समान भाषा मिळाली.

एक क्षेत्र मात्र या व्यवस्थेला सहजी वश होत नाही. कृत्रिम गुडघा वा हाडात बसवावयाची पट्टी यांची निवड शल्यविशारद करतो, आणि नेमके माप पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या मेजावरच ठरते. त्यासाठी विक्रेता निरनिराळ्या मापांचा संच आपल्याच मालकीचा म्हणून रुग्णालयात आणून ठेवतो. त्यांतील जो नग वापरला जाईल त्याचीच खरेदी होते. मागणीपत्र अर्थातच त्यानंतर निघते, आणि तोवर वस्तू रुग्णाच्या शरीरात बसलेली असते. सर्वांत महाग जिनसा याच असल्याने, संगणकीय व्यवहारापासून जेथे बचतीची आशा अधिक, तेथेच तो सर्वांत उशिरा पोहोचतो.