बांधण्याआधीच घराचा ताप मोजणे

मे महिन्यात रात्री दहा वाजता बाहेर वाऱ्याची झुळूक असते. तरीही वरच्या मजल्यावरच्या खोलीत छताखाली उभे राहिले की डोक्यावर धग जाणवते. असे का होते, हे वर्गात विचारून पाहावे. बहुतेक विद्यार्थी 'छताला ऊन लागते म्हणून' असे सांगतील. पण रात्री दहाला ऊन कुठे असते?

उत्तर स्लॅबच्या वजनात आहे. १२ सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबमध्ये दर चौरस मीटरला सुमारे २८८ किलो काँक्रीट असते. १ किलो काँक्रीटचे तापमान १ अंशाने वाढायला सुमारे ०.८८ किलोज्यूल उष्णता लागते. १० चौरस मीटरच्या खोलीचे छत दिवसभरात सरासरी १० अंशांनी तापले, तर त्यात सुमारे २५,००० किलोज्यूल उष्णता साठते. विजेच्या भाषेत हे ७ युनिट झाले. यातला काही भाग रात्री आकाशाकडे निघून जातो आणि उरलेला खाली, झोपणाऱ्याच्या अंगावर येतो.

ही नुसती गैरसोय नाही. दिवसा उन्हाचा ताण सोसलेल्या शरीराला रात्री गारवा मिळाला नाही, तर ताण साचत जातो. म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि आजारी यांना तो झेपत नाही. फ्रान्समध्ये ऑगस्ट २००३च्या उष्णतेच्या लाटेत सुमारे १५,००० अधिक मृत्यू झाले. नंतर वृद्धांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला, तेव्हा थेट छपराखाली झोपण्याची खोली असणे हे धोक्याचे एक ठळक कारण म्हणून पुढे आले. अहमदाबादेत मे २०१०मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात १,३४४ मृत्यू नेहमीपेक्षा जास्त झाल्याचे संशोधकांनी मोजले.

जुन्या घरांतही उकडत असे, मग नव्या इमारतींचा वेगळा विचार कशासाठी? एक कारण भिंती. मोठ्या गृहप्रकल्पांत आता अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंतीही काँक्रीटच्याच ओततात. काम झपाट्याने होते, पण १५ सेंटिमीटरची अशी भिंत ९ इंची विटेच्या भिंतीच्या सुमारे दीडपट उष्णता आत येऊ देते. याउलट २० सेंटिमीटरच्या हलक्या सच्छिद्र ब्लॉकची भिंत (ज्याला बांधकामावर सगळे 'सिपोरेक्स' म्हणतात) काँक्रीटच्या मानाने जेमतेम पाचवा हिस्सा येऊ देते. सोलापूरकडच्या माळवदाच्या घरात मातीचा जाड थर हेच काम करी.

दुसरे कारण काच. पश्चिमेला २ चौरस मीटरची उघडी खिडकी आहे असे समजा. मेमधल्या दुपारी चारच्या सुमारास तिच्यावर दर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन पडते आणि साधी काच त्यातले ८० टक्के आत सोडते असे धरले, तर खोलीत जवळपास १ किलोवॅट उष्णता येते. म्हणजे कोणी विजेची इस्त्री चालू करून विसरून गेल्यासारखेच! तीच खिडकी दक्षिणेला असती तर? पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. त्यामुळे भर दुपारी दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. एरवी थोडे आले, तरी आडवा छज्जा ते अडवतो. मावळतीकडचा सूर्य खाली उतरलेला असल्याने तिथे छज्जा फारसा कामाचा नाही. पश्चिमेला खिडकीबाहेर झडपा किंवा चिकाचे पडदे हवेत. आतला पडदा तितका उपयोगी नाही, कारण काच ओलांडून आलेल्या उष्णतेतली बरीचशी घरातच राहते.

आता मूळ प्रश्न. नकाशा कागदावर असतानाच ही खोली तापेल की नाही, हे कसे सांगायचे? वर्षात ८,७६० तास असतात. त्या गावच्या हवामानाच्या तासातासाच्या नोंदी घेऊन संगणकावर प्रत्येक तासाचे आतले तापमान काढतात आणि मर्यादा किती तास ओलांडली ते मोजतात. इंग्लंडमध्ये २०१७पासून वापरात असलेल्या पद्धतीत झोपण्याच्या खोलीचे तापमान रात्री दहा ते सकाळी सात या वेळेत वर्षाकाठी सुमारे ३२ तासांहून अधिक काळ २६ अंशांवर राहिले, तर ती खोली नापास ठरते. जून २०२२पासून तिथे नव्या घरांसाठी ही काळजी घेणे नियमानेच आले.

आपल्याकडे २६चा आकडा लावला तर देशातली बहुतेक घरे नापास होतील. माणूस हवामानाला सरावतो. म्हणून भारतीय संशोधकांनी वेगळे सूत्र बसवले: बाहेरच्या सरासरी तापमानाला ०.५४ने गुणावे आणि त्यात १२.८३ मिळवावेत. बाहेरची सरासरी ३० अंश असेल, तर उत्तर सुमारे २९ येते. त्याच्या वर २.४ अंशांपर्यंत, म्हणजे ३१.४पर्यंत, बहुतेकांना चालते. त्यापुढचे अंश आणि तास यांचा गुणाकार म्हणजे 'अंश-तास'. खोली ३ तास ३४ अंशांवर राहिली, तर ७.८ अंश-तास झाले.

भारत सरकारच्या २०१८च्या इको निवास संहितेने संगणकाशिवाय करता येईल असा सोपा हिशोब दिला आहे. त्यानुसार उष्ण भागात भिंती-खिडक्यांतून येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅटच्या आत हवी. छतासाठी दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला १.२ वॅट ही मर्यादा आहे. उघड्या स्लॅबचा हाच आकडा तीनच्या वर जातो. तो खाली आणायला स्लॅबच्या वर दोन-अडीच सेंटिमीटर उष्णतारोधक फोमचा थर पुरतो. थर वरच घालावा, म्हणजे स्लॅबच तापत नाही. बांधताना हा खर्च किरकोळ असतो, नंतर मात्र गच्चीचे वॉटरप्रूफिंग उकरावे लागते. जाहिरातीत संगमरवरी फरशी आणि जलतरण तलाव असतो, छताचा हा आकडा आम्ही तरी कुठे छापलेला पाहिला नाही.

बांधून झालेल्या घराला चुन्याचा पांढरा हात हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मात्र धूळ बसली की त्याचा गुण कमी होतो, म्हणून तो दर उन्हाळ्याआधी द्यावा. समोरासमोर खिडक्या असतील, तर रात्री त्या उघड्या ठेवून साठलेली उष्णता वाऱ्यावर सोडता येते. रस्त्याच्या गोंगाटामुळे किंवा चोरांच्या भीतीने खिडक्या बंदच राहणार असतील, तर त्या उघड्या धरून केलेला हिशोब फसवा ठरतो.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग घरी करता येईल. एकाच इमारतीतले तळमजल्यावरचे आणि शेवटच्या मजल्यावरचे घर निवडावे. साधा तापमापक खोलीच्या मध्यभागी, भिंतीपासून दूर टांगावा आणि दुपारी दोन ते रात्री दहा दर दोन तासांनी नोंद घ्यावी. आठवडाभराच्या नोंदींवरून ३१.४च्या वरचे अंश-तास काढून दोन्ही घरांची तुलना करावी. नोंदी वळवाच्या पावसाआधी घ्याव्यात. चांगली सर आली की स्लॅब निवतो आणि दोन घरांमधला फरक दिसेनासा होतो.