फुलोऱ्याचा वास आणि पट्ट्यांचा भुंगेरा

दसरा झाला की उदगीरच्या शिवारातलं सोयाबीन निघतं आणि रानात एकटी तूर उभी राहते. पिवळ्या फुलांवर तांबड्या रेघा, आणि सगळ्या तासाला फूल लागलेलं. दव वाळायच्या आत एक शेतकरी साबणाच्या पाण्याची बादली घेऊन आत शिरतो. हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली. “उघड्या हातानं धरू नको, फोड येतेत,” मागच्या पोराला तो बजावतो.

त्याला हवा असलेला भुंगेरा लपत नाही. जवळपास इंचभर लांब, काळ्या पाठीवर केशरी पट्टे. शास्त्रीय नाव मायलॅब्रिस पुस्टुलाटा. फुलात डोकं खुपसून तो परागकोश कुरतडतो, मग पाकळ्या खातो. डिवचला की पायांच्या सांध्यांतून पिवळा थेंब येतो. त्यातल्या कॅन्थॅरिडिननं कातडीवर पाण्याचा फोड उठतो.

हा इथवर येतो कसा? उमललेल्या फुलातून वासाची द्रव्यं हवेत उडत असतात; ऊन चढेल तशी जास्तच. वाऱ्यावर त्यांचे तुटक झोत वाहत जातात. भुंगेऱ्यांच्या मिशांवर वास टिपणारे बारीक केस असतात. फुलांवर जगणारे भुंगेरे हा वास धरून वाऱ्याच्या उलट दिशेनं सरकतात, आणि फूल जवळ आलं की रंगही वाट दाखवतो.

घाटेअळीसाठी लावलेला कामगंध सापळा इथल्या शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. पण त्यात मादीच्या गंधाची नक्कल असते, त्यामुळे फक्त नर पतंग सापडतात. फुलाच्या वासाला मात्र नर-मादी दोघंही भुलतात, म्हणजे अंडी घालणारी मादीसुद्धा हाती लागते. हंगेरीच्या संशोधकांनी फळबागांचा मोहोर खाणाऱ्या एपिकोमेटिस हिर्टा या केसाळ भुंगेऱ्यासाठी असाच फुलाच्या वासाचा सापळा बनवला. रंग फिकट निळा, आमिष दोन द्रव्यांचं: दालचिनीच्या वासद्रव्याशी नातं सांगणारं सिनॅमिल अल्कोहोल आणि बडीशेपेला तिचा वास देणारं ॲनेथॉल. आपल्या मुखवासातला वास तिथं मोहोर राखतो!

तुरीवरच्या भुंगेऱ्याला हेच मिश्रण चालेल असं नाही. प्रत्येक जातीची आवड वेगळी, म्हणून त्याच्यासाठीचं आमिष त्याच्याच आवडत्या फुलांतून शोधावं लागेल. आणि हे काम व्हायलाच हवं, कारण भर फुलोऱ्यात फवारणी केली तर मधमाश्याही मरतात. शिवाय सरसकट नायनाटही परवडणारा नाही: याच भुंगेऱ्याच्या अळ्या जमिनीत नाकतोड्यांची अंडी खातात. तुरीची बरीच फुलं तशीही गळतात, त्यामुळे चार-दोन भुंगेरे दिसले म्हणून पंप उचलायचं कारण नाही.

शेतकरी सुरुवात धुऱ्यापासून करतो. तिथं अंबाडीची ओळ फुलावर आहे. गारठ्यानं भुंगेरे अजून सुस्त आहेत. तो फुलाखाली बादली धरतो आणि फांदीला टिचकी मारतो. तीन भुंगेरे पाय आखडून पाण्यात पडतात. चौथा फुलातच राहतो, तोंडाला पिवळे पराग लागलेला.