भोकरचा आमदार आणि मराठवाड्याचं पाणी

फेब्रुवारी १९७५ मध्ये शंकरराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा ते भोकरचे आमदार होते. मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरचं हे तालुक्याचं गाव. भोवती हलकी, डोंगरउताराची रानं, वाड्या आणि तांडे. कापूस-ज्वारी सगळी पावसाच्या भरवशावर. एवढ्या विखुरलेल्या मतदारसंघाचा प्रतिनिधी जोखायचा तर तो गेल्यावर शिवारात काय उरलं, हेच पाहावं लागतं.

शंकररावांचा जन्म १९२० चा, पैठणचा. वकिली शिकलेला हा तरुण स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरला. पुढे नांदेडचं नगराध्यक्षपद आणि १९६० नंतर राज्याचं पाटबंधारे खातं. निजामी राजवटीतून आलेल्या मराठवाड्यात सिंचन नावापुरतंच होतं. गोदावरीवरचं मोठं धरण आधी बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ योजलं होतं. ते बरंच वर, पैठणला व्हावं यासाठी शंकररावांनी आग्रह धरला, कारण तिथून कालव्याखाली अधिक रान भिजणार होतं. जुनं नाव तेवढं कायम राहिलं. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. त्या वेळी मुख्यमंत्री शंकररावच होते. नांदेडजवळच्या विष्णुपुरीतही उपसा सिंचन उभं राहिलं. तिथला जलाशय आज शंकरसागर म्हणून ओळखला जातो.

प्रशासनात ते ‘हेडमास्तर’ म्हणून ओळखले जात. फाईल स्वतः वाचायची, चुकीला पाठीशी घालायचं नाही, हा खाक्या. पुढे दिल्लीत संरक्षण, अर्थ, गृह ही खाती सांभाळली. बाबरी मशीद पडली तेव्हा गृहमंत्री तेच होते आणि त्या काळाची टीकाही त्यांच्या वाट्याला आली. २००४ मध्ये ते गेले.

त्यांचे पुत्र अशोक चव्हाण २००८ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि २००९ मध्ये भोकरमधून निवडून आले. २०२४ मध्ये नात श्रीजया आमदार झाल्या. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर अर्धापूर आणि भोकर एकाच मतदारसंघात आहेत, आणि इथेच हिशेब उघडा पडतो. अर्धापूरला ऊर्ध्व पैनगंगेच्या कालव्याची पाळी सुटली की चारीवर माणसं फावडी घेऊन उभी राहतात, केळीचे घड ट्रकांनी दूरच्या बाजारात जातात. भोकरच्या माळावर मात्र पावसाने महिनाभर ओढ दिली की सोयाबीन फुलोऱ्यातच करपतं.

उंचावरच्या रानाला कालव्याचं पाणी सहजी चढत नाही, हे खरं. पण साठवण तलाव, पाझर तलाव, उपसा योजना हे मार्ग खुले आहेत. ज्या घराण्याला भोकरने पिढ्यान्‌पिढ्या मतं दिली, त्याच्याकडून आणि उद्या येणाऱ्या प्रत्येक आमदाराकडून मतदारांनी एकच जाब मागावा : माळावरच्या शेतात दुसरं पीक कधी?