ओवाळणी आणि वीजबिल

भाऊबिजेला बहिणीच्या ताटात साडी घालावी की रोख रक्कम, हा वाद घरोघर चालतो. मी रोकडीच्या पक्षाची. साडीचा रंग भाऊ ठरवतो, रोकडीचे काय करायचे ते बहीण!

स्त्रियांसाठी झटणाऱ्या संस्थांचेही असेच आहे. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे त्याच संस्थेचे स्वयंसेवक दिवाळीत भाऊबीज निधीसाठी दारोदार फिरू लागले. परक्या मुलीच्या शिक्षणाला ओवाळणी, आणि तीही यथाशक्ति! कर्व्यांच्या मेव्हणी पार्वतीबाई आठवले या तर आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडल्या, १९१८ साली अमेरिकेला गेल्या आणि तेथे लोकांच्या घरी कामे करून राहिल्या. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी महिला विद्यापीठाला पंधरा लाख देऊ केले. आईचे नाव द्यावे, ही अट. नाक मुरडणाऱ्यांनी मुरडावे, पण त्या रकमेचे व्याजच सालीना ५२,५०० रुपये होते. व्याजातून पगार होतात.

आता आमच्याकडे पाहा. कांदिवलीचे चारकोप जागतिक बँकेच्या कर्जातून आखलेल्या भूखंडांवर १९८५ नंतर वसले. येथील एक महिला मंडळ मुलींसाठी अभ्यासिका आणि शिवणवर्ग चालवते. २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. त्यातून मंडळाला शिवणयंत्रे मिळाली, प्रत्येकावर दात्याचे नाव. खोलीचे भाडे, वीजबिल आणि शिकवणाऱ्या बाईंचे मानधन यांसाठी मात्र अर्जात रकानाच नव्हता. यंत्राचे छायाचित्र निघते, वीजबिलाचे कोण काढणार?

मराठीची प्राध्यापिका म्हणून अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. ‘फलश्रुती’ हा रकाना पाहून हसू आले. पोथीत ती शेवटी येते, अर्जात आधीच लिहून द्यावी लागते! त्यातून अनुदान एका वर्षाचे. धाकट्या भावंडांना सांभाळून आठवीतल्या मुलीला दहावी गाठायला दोन वर्षे तरी लागतात. मधेच अभ्यासिकेला कुलूप लागले, तर ती संध्याकाळी घरात पुन्हा पोळ्याच लाटणार.

शेवटी मंडळाच्या बायका वहीपेन्सिल घेऊन शेजारच्या सोसायट्यांत फिरल्या. घरटी महिना वीस रुपये. भाडे आणि वीजबिल आता त्यातून भागते. बाईंच्या मानधनाचा अर्ज मी नुकताच पुन्हा लिहून दिला आहे, या खेपेस दोन वर्षांसाठी. उत्तर दिवाळीनंतर यायचे आहे.